धुऊन वापरायचा ऑइल फिल्टर रोजच्या गाडीला नकोच

स्टीलच्या जाळीचा, धुऊन पुन्हा बसवायचा ऑइल फिल्टर ‘एकदाच खर्च’ म्हणून मोह पाडतो. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीसाठी तो घेऊ नका. लहान पेट्रोल गाडीचा कागदी फिल्टर शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि साधारण 10,000 किलोमीटरला किंवा वर्षाने बदलावा लागतो. जाळीवाल्याला काही हजार मोजले, तर ते वसूल कधी होणार?

खरी कटकट धुण्याची. रॉकेलमध्ये बुडवायचा, घड्यांमधला काळा गाळ मऊ ब्रशने काढायचा, मग उजेडासमोर धरून जाळी कुठे फाटली तर नाही ना, हे बघायचं. आतल्या बाजूला फडक्याचा धागा राहिला, तर तो ऑइलबरोबर थेट बेअरिंगकडे जातो. आणि ते काळं रॉकेल गटारात ओतायचं नसतं.

रेसिंगवाल्यांना धातूचा चुरा तपासायला अशी जाळी सोयीची पडते. आपण ऑइलबरोबर चांगला कागदी फिल्टर बदलावा. बारीक कण तो सहसा जास्त पकडतो. त्याच्या रबरी रिंगला ताजं ऑइल लावा, फिल्टर हातानेच घट्ट करा आणि इंजिन चालू करून गळती बघा.