फोर्ट सम्टर कोणाचा? वाद तपासण्याची माझी पद्धत

अमेरिकेच्या यादवी युद्धावर वादविवाद घेतला की वर्गाची गाडी पाच मिनिटांत एकाच जागी अडकते: दक्षिणेकडच्या राज्यांना संघातून फुटून निघण्याचा हक्क होता का? मी तो प्रश्न आधीच बाजूला ठेवायला लावते. घटकाभर धरून चाला, की होता. मग दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन बंदराच्या तोंडावरचा, केंद्राच्या फौजेच्या ताब्यातला फोर्ट सम्टर हा किल्ला तोफा डागून घेण्याचा हक्कही मिळाला का?

आधी कागद बघा. सम्टर भर घालून केलेल्या बेटावर आहे. 1829 पासूनच्या बांधकामाचा खर्च सगळ्या राज्यांच्या सामाईक तिजोरीतून झाला. त्या जागेवरचा आपला सगळा हक्क दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळाने 1836 मध्ये केंद्राला देऊन टाकला होता. 'आमच्या हद्दीत, म्हणून आमचा' हा दावा इथेच लंगडा पडतो.

मग दोन रकाने आखा: सरकारी मालमत्तेचा ताबा कधी घेतला आणि फुटण्याचा ठराव कधी झाला. इथे घाई करू नका. जॉर्जियाने फोर्ट पुलास्की 3 जानेवारी 1861 ला घेतला, ठराव 19 तारखेचा. अलाबामाने माउंट व्हर्ननचे शस्त्रागार 4 तारखेला घेतले, ठराव 11 चा. लुइझियानाने बॅटन रूजचे शस्त्रागार 10 ला, ठराव 26 चा. म्हणजे ताबा घेतला त्या दिवशी ही राज्ये संघातच होती! फुटण्याचा हक्क मान्य केला तरी या तारखांवर पांघरूण पडत नाही.

आता दक्षिणेची बाजू मनापासून मांडा, पाडण्यासाठी नव्हे. त्यांनी मालमत्ता आणि सरकारी कर्ज यांच्या वाटणीसाठी वॉशिंग्टनला दूत धाडले होते. मार्चमध्ये आलेल्या दूतांना लिंकनने भेट नाकारली. समोरचा वाटणीला बसतच नसेल आणि बंदराच्या तोंडावर त्याची फौज असेल, तर करायचे काय? मुलांना हा मुद्दा वजनदार वाटतो, मलाही वाटतो. पण भेट नाकारल्याने तक्रार उभी राहते, मालकी बदलत नाही. शिवाय विरोध झाला नाही तर फक्त अन्न पाठवू, माणसे किंवा दारूगोळा नाही, असा लिंकनचा निरोप दक्षिण कॅरोलिनाचे गव्हर्नर पिकन्स यांना 8 एप्रिललाच मिळाला होता. ते अन्न किल्ल्यावर पोचायच्या आत, 12 एप्रिलच्या पहाटे साडेचारला तोफा सुटल्या.

कोणी म्हणेल, कायदा सोडा, ही क्रांती होती. मग विचारा, कोणत्या अन्यायाविरुद्ध? फुटण्याची कारणे सांगणारा दक्षिण कॅरोलिनाचा डिसेंबर 1860 चा जाहीरनामा मोठ्याने वाचून घ्या. पळालेले गुलाम उत्तरेकडची राज्ये परत करत नाहीत, ही त्यातली मोठी तक्रार आहे. त्या वाक्यांवर वर्ग गप्प होतो. होऊ द्या.

फुटणे घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1869 चा निकाल मात्र अगदी शेवटी काढा. तो आधी हाती पडला की मुले कागद तपासायचे सोडून देतात.