दोन रंगांची लोकरी टोपी विणताय? या चुका टाळा

थंडी सुरू झाली की माझ्याकडे टोप्या येऊ लागतात. घालायला नव्हे, दुरुस्तीला. कुणाची कपाळात रुतते, कुणाची नक्षी दिसतच नाही, कुणाच्या आत धाग्यांचं जाळं लोंबतंय. चुका मात्र वर्षानुवर्षं त्याच, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

मापाचा तुकडा सपाट विणणे

या चुकीवर मला बोलायचा हक्क आहे, कारण मी ती स्वतः केली आहे. भावासाठी टोपी करायची होती. त्याचं डोकं 56 सेंटिमीटर. टोपी डोक्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर लहान हवी, नाहीतर डोळ्यांवर उतरते, एवढं ठाऊक होतं. एकाच रंगात, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट असा तुकडा विणून मोजला. 10 सेंटिमीटरला 24 टाके. नक्षी 8 टाक्यांची, म्हणून 128 टाके घातले. हिशोबाने घेर 53 यायला हवा होता. पंधरा दिवस खपून विणली, भावाने घातली, तर ती टाळूवर वाटीसारखी बसली. मोजते तर 10 सेंटिमीटरला 28 टाके, म्हणजे घेर जेमतेम 46! ती टोपी वर्षभराच्या भाचीला गेली. भावाला अजून मिळालेली नाही आणि तो ते दर थंडीत ऐकवतो.

गोल विणताना सगळ्या फेऱ्या सुलटच असतात. बहुतेकांचा हात उलट टाक्याला जरा सैल पडतो, त्यामुळे सपाट तुकडा खोटं सांगतो. शिवाय दोन रंग घेतले की त्या वेळी न विणलेल्या रंगाचा मागून जाणारा धागा सगळं विणकाम आवळून धरतो. तो ताणलाही जात नाही, म्हणून साधी टोपी डोक्यावर जशी पसरून बसते तशी ही बसत नाही. तेव्हा तुकडाही गोल, आणि दोन्ही रंगांत.

खरं सांगायचं तर मी वेगळा तुकडा विणतच नाही. टोपीच सुरू करते. नक्षी सात-आठ सेंटिमीटर झाली की टाके एका जाड दोऱ्यावर उतरवते, कोमट पाण्यात भिजवते, पूर्ण वाळू देते, मग मोजते. जमलं तर पुढे, नाहीतर उसवते. न भिजवता मोजण्यात अर्थ नाही, विशेषतः सुपरवॉश, म्हणजे मशीनमध्ये धुता येणारी लोकर असेल तर. ती पाण्यातून बाहेर येते ती चांगली ऐसपैस होऊन. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं मला विचारणाऱ्यांनी मफलर विणावा. मफलर कुणालाही होतो.

मागचा धागा ओढणे

नवशिक्यांना वाटतं, धागा ताणून घेतला की काम नीटनेटकं होतं. होतं उलटंच: पुढून चुण्या पडतात आणि टोपी डोक्यात शिरताना कुरकुरते. माझी सवय अशी, की रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरवायचे आणि मगच दुसरा धागा उचलायचा. तरीही हात घट्टच असेल, तर टोपी उलटी करून विणा. नक्षी आत आणि मोकळे धागे बाहेर. बाहेरून जाताना धाग्याला जरा लांबचा वळसा पडतो आणि तेवढा तो आपोआप सैल राहतो. दिसतं विचित्र, पण गुण येतो.

दुसरं टोक म्हणजे लोंबणारे धागे. टोपी काढताना कानातलं त्यात अडकलं की समजा हात फारच सैल सुटला. एका रंगाचे सलग पाचपेक्षा जास्त टाके आले, तर मागचा धागा मध्ये एकदा अडकवून घ्या, पण पुढच्या फेरीत त्याच जागी नको, नाहीतर पुढून ठिपक्यांची रांग डोकावते. त्याहून बरं म्हणजे चौकटीच्या कागदावर नक्षी आखतानाच एवढी मोठी मोकळी जागा येऊ द्यायची नाही. आणि एका फेरीत दोनच रंग. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या फेअर आयल नावाच्या रंगीत विणीतसुद्धा एका फेरीत दोनच असतात. ती इतकी रंगीत दिसते, कारण फेऱ्यांगणिक रंग बदलत जातात. पहिल्याच टोपीत तीन धागे एकदम घेणाऱ्यांचा गुंता मी सोडवत नाही.

बाकीच्या चुका पटापट

मरून आणि बाटलीहिरवा हातात झकास दिसतात, चार पावलांवरून चिखल. दोन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर एक बदला.

मागच्या बाजूने जो धागा दुसऱ्याच्या खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे दिसतात, म्हणून नक्षीचा रंग खालून आणि पार्श्वभूमीचा रंग वरून, शेवटपर्यंत. एकदा फोन घ्यायला उठले, परत बसल्यावर धागे उलटे धरले. नक्षीतले वरचे अर्धे तारे फिके पडले आणि ते घरात सगळ्यांना दिसलं.

रिबला, म्हणजे टोपीच्या कडेच्या ताणल्या जाणाऱ्या पट्टीला, मुख्य सुईपेक्षा दोन नंबर बारीक सुई घ्या. लाल लोकर पांढऱ्याशेजारी वापरण्याआधी ओली करून पांढऱ्या कापडावर दाबून बघा.

फेरीच्या सुरुवातीला नक्षीची पायरी पडतेच, ती टोपीच्या मागच्या बाजूला ठेवा.

माथ्याशी टाके घटवायचा हिशोब टाके घालतानाच करा. 128 टाके म्हणजे 16-16 चे आठ भाग सरळ पडतात. 130 घालून "वर बघू" म्हणणारे वर गेल्यावर माझ्याकडे येतात. माथ्याशी डबल पॉइंट, म्हणजे दोन्ही टोकं निमुळती असलेल्या, सुयांवर आल्यावर हात बदलतो, तेव्हा तिथेही मोजून बघा.

आणि बिघडलेला माथा झाकायला वर भलामोठा गोंडा लावणारे तर मी लांबूनच ओळखते. लावायचाच असेल तर बटणाने लावा. टोपी धुवायच्या वेळी काढून ठेवता येतो, नाहीतर आख्खी टोपी वाळली तरी तो दोन दिवस ओलाच राहतो.