नवा कोंबडा खुराड्यात सोडताना घाई नको

पाऊस उघडला, कोजागिरी झाली की घरोघरी कोंबड्या रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची तयारी सुरू होते. उन्हाळ्यात उष्म्यानं अंडी वाया जातात, कोंबडाही मलूल पडतो. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ त्यामानानं चांगला, फक्त पिल्लांना थंडीत ऊब द्यावी लागते. नुसती खायची अंडी हवी असतील तर कोंबड्याची काहीच गरज नाही, कोंबड्या त्याच्याशिवायही घालतात. पिल्लं काढायची असतील तर मात्र दर एक-दोन वर्षांनी बाहेरचा कोंबडा आणावा. घरचाच ठेवला तर तो आपल्याच तलंगांवर, म्हणजे लेकी असलेल्या तरण्या कोंबड्यांवर, चढतो आणि पुढच्या पिढीत मरतूक वाढते.

लोक विचारतात, कोंबड्या त्याला मारतील का? मारामारी चार दिवसांत मिटते. खरी भीती रोगाची आहे.

आठवडी बाजारातला कोंबडा दहा गावच्या पाखरांत बसून आलेला असतो. शक्यतो ओळखीच्या घरून, जिथं अलीकडे मर झालेली नाही तिथूनच घ्या. तुरा लालबुंद, डोळे टवटवीत, नाकपुड्या कोरड्या आणि शेपटीखालची पिसं स्वच्छ हवीत. पायाचे खवले बोटानं चाचपून पाहा. ते उचललेले, खाली पांढरट भुगा साचलेला दिसला तर तो पायाच्या खरजेचा किडा. पंख उचलून आणि शेपटीच्या मुळाशी उवाही बघा. वय आठ महिने ते दीड वर्ष असावं. चार महिन्यांचा पोरगेला कोंबडा जुन्या कोंबड्यांत टाकला तर त्या त्याला दाण्यालाही फिरकू देत नाहीत.

घरी आणल्यावर तो किमान तीन आठवडे वेगळा ठेवा, चार ठेवलात तर उत्तम. मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा, विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला 2 ते 15 दिवस लागतात, म्हणजे आज तुरा ताठ करून आरवणारा कोंबडा पुढच्या आठवड्यात हिरवं हगून मान वाकडी करू शकतो. डालग्याखाली झाकून खुराड्याशेजारीच ठेवला तर ते वेगळं ठेवणं नव्हे. गोठ्याच्या पलीकडे, जिथून वारा खुराड्याकडे येणार नाही अशा अंगाला जागा करा. त्याचं भांडं स्वतंत्र असू द्या. रोज आधी आपल्या कोंबड्यांना दाणापाणी, मग त्याला. तिकडून परतताना हातपाय धुवा. याच काळात जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून त्याचं जंताचं औषध आणि मानमोडीची लस उरकून घ्या. कळपाची लस राहिली असेल तर तीही आताच करा, पण अंड्यावरच्या कोंबड्यांना कोणती लस चालेल हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

शेवटच्या आठवड्यात आपली एक जुनी, अंडी कमी झालेली कोंबडी त्याच्यासोबत ठेवावी. काही कोंबडे स्वतः धडधाकट दिसतात, पण सर्दीचा जुनाट आजार बाळगून असतात. ही कोंबडी शिंकू लागली, घरघरली, तर रोग खुराड्यात शिरण्याआधीच कळला, सगळा कळप वाचला असं समजा.

मग जाळीची भेट. खुराड्यालगत जाळी लावून आठवडाभर त्याला तिथं ठेवा, म्हणजे सगळी एकमेकांना बघतील. त्यानंतर एका संध्याकाळी कोंबड्या दांड्यावर बसल्या, अंधार पडला की त्याला हळूच शेजारी बसवा. सकाळी झुंजूमुंजू होताच तुम्ही तिथं हजर हवं. एखादी म्हातारी, कळपाची मालकीण म्हणावी अशी कोंबडी मानेची पिसं फुगवून त्याच्यावर येईल. येऊ द्या. जाणता कोंबडा एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती अर्धं रिंगण घेतो, दाणा सापडला की स्वतः न गिळता कुक-कुक करून कोंबड्यांना बोलावतो. हे दिसलं की काळजी मिटली. दाणा-पाणी दोन-तीन जागी ठेवा आणि शक्यतो अंगण मोकळं द्या. रक्त निघालं तर मात्र लगेच वेगळं काढा, कारण लाल दिसलं की बाकीच्याही तिथंच टोचतात. पहिले काही दिवस अंडी घटली तर घाबरू नका.

एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या हव्यात. तीन-चारच असतील तर तो सारखा चढून पिसं झडतात आणि त्यांच्या पाठी उघड्या पडतात. अशा वेळी त्याला दिवसातून काही तासच सोडा.

अंडी उबवायला कधी ठेवायची? कळपात आधी कोंबडाच नसेल तर आठ-दहा दिवस थांबा. जुना काढून नवा आणला असेल तर तीन आठवडे, कारण जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं आणि पिल्लं त्याचीच निघतात. खात्री करायची तर एक ताजं अंडं बशीत फोडा. बलकावरचा पांढरा ठिपका गोल कड्यासारखा दिसला तर अंडं फळलेलं आहे, नुसताच भरीव डाग असेल तर नाही. रवणीला आठवड्याच्या आतलीच अंडी घ्या. सातव्या रात्री मोबाईलच्या बॅटरीवर धरून बघा, लाल शिरांचं जाळं दिसलं नाही ती काढून टाका.

माणसावर, विशेषतः पोरांवर धावून जाणारा कोंबडा कितीही देखणा असला तरी पैदाशीला ठेवू नका. पोराचं तोंड त्याच्या पायातल्या काट्याच्या उंचीवर असतं, आणि तो भांडखोरपणा पिल्लांतही उतरतो.