माशांचे नमुने जतन करताना या चुका टाळा

प्रयोगशाळेत बरणी उघडावी तर मासा वाकडा, पोट फुटलेले आणि चिठ्ठीवरची शाई धुऊन गेलेली. यातले बहुतेक बिघाड पाण्याकाठी, पहिल्या तासाभरातच झालेले असतात. उष्णकटिबंधातल्या गोड्या पाण्याचे तापमान बहुधा 25 ते 30 अंश सेल्सिअस असते. मेलेल्या माशाची आतडी त्यात झपाट्याने कुजतात. ‘परतल्यावर बघू’ इथे चालत नाही.

अर्धवट भूल
भूल द्यायला वापरतात ते लवंगतेल पाण्यात नीट मिसळत नाही, तवंग धरते. आधी 1 भाग तेल 9 भाग इथेनॉलमध्ये (अल्कोहोलमध्ये) विरघळवा, मग ते पाण्यात घाला. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही मासा आणखी 10 मिनिटे त्याच पाण्यात राहू द्या. घाई केली तर तो फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावात) तडफडतो आणि तोंड वासून, पर मिटून कडक होतो. पुढे परातले काटे मोजता येत नाहीत.

फोटो आणि डीएनए मागे ठेवणे
रंग काही मिनिटांत फिकटतात, म्हणून फोटो लगेच घ्या. डोके डावीकडे, शेजारी मोजपट्टी. त्यानंतर उजव्या अंसपराचा (कल्ल्यामागच्या पराचा) तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये टाका. फॉर्मॅलिन डीएनएचे तुकडे पाडते, त्यामुळे हा क्रम उलटा झाला की नुकसान भरून निघत नाही.

फॉर्मॅलिनचे गणित
सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. विकत मिळणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये 37 ते 40 टक्के फॉर्मल्डिहाइड असते. ‘10 टक्के फॉर्मॅलिन’ म्हणजे या द्रावाचा 1 भाग आणि पाण्याचे 9 भाग. त्यात फॉर्मल्डिहाइड जेमतेम 4 टक्के भरते. ‘10 टक्के फॉर्मल्डिहाइड’ असे समजून 1 भागाला 3 भाग पाणी घातले, तर नमुना गरजेपेक्षा कडक आणि ठिसूळ होतो.

नुसते फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होते आणि हाडांतला कॅल्शियम विरघळवते. अलिझरिन (हाडे लाल रंगवणारे रंगद्रव्य) लावूनही हाडे लाल होत नसतील तर आधी याचाच संशय घ्या. उपाय सोपा आहे: तयार द्रावाच्या दर लिटरला 4 ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) आणि 6.5 ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घाला. पीएच 7 च्या आसपास आला ना, हे पट्टीने तपासा. वाफा घातक असतात. हातमोजे घाला आणि काम मोकळ्या हवेत करा.

द्राव माशांच्या आकारमानाच्या 10 पट हवा. साधारण 8 सेंटिमीटरहून मोठ्या माशाच्या पोटाला उजव्या बाजूने छेद द्या, नाहीतर द्राव आत पोचण्याआधीच पोट फुगते. डावी बाजू मोजमापासाठी अखंड राहावी. मासा आधी सपाट ट्रेमध्ये ठेवून पर टाचणीने पसरा आणि त्यांवर ब्रशने फॉर्मॅलिन लावा. अरुंद बरणीत कोंबलेला मासा जसा वाकतो तसाच कायमचा राहतो. नंतर सरळ करायला गेलात तर मोडेल.

फॉर्मॅलिनमध्ये लहान माशांना 2-3 दिवस पुरतात, मोठ्यांना आठवडा किंवा जास्त. मग एक-दोन दिवस पाणी बदलत धुवा आणि 50 टक्के इथेनॉलमधून 70 टक्क्यांत हलवा. अंगातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होते, म्हणून काही आठवड्यांनी ते एकदा बदला.

चिठ्ठी
बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. पेन्सिलने सुती कागदावर लिहा आणि चिठ्ठी बरणीच्या आत टाका: तारीख, अक्षांश-रेखांश, पकडण्याची पद्धत. पाण्याचा पीएच नोंदवलात तर वेळही लिहा, कारण शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे तो दुपारी चढतो.

मोजणी आणि ओळख
प्रमाण लांबी तोंडाच्या टोकापासून पुच्छपराच्या बुडापर्यंत घेतात. शेपटीच्या टोकापर्यंत घेतली तर ती एकूण लांबी. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळल्या की सगळी गुणोत्तरे चुकतात. कार्प कुळात पृष्ठपराचे (पाठीवरच्या पराचे) शेवटचे दोन किरण (पराला आधार देणारे काटे) एकाच बुडातून निघतात, ते एक धरतात. धरले नाहीत तर किल्ली (लक्षणांवरून जात ओळखण्याचा तक्ता) भलत्याच जातीकडे नेते. किल्लीही जुनी नसावी: 2012 मध्ये दक्षिण आशियातल्या ‘पुंटियस’मधून ‘पेथिया’ आणि ‘डॉकिन्सिया’ या प्रजाती (जीनस, म्हणजे जातींचे गट) वेगळ्या काढल्या गेल्या, त्याआधीच्या किल्ल्यांत त्या सापडणार नाहीत. डीएनए बारकोड (जात ओळखण्यासाठी वाचलेला डीएनएचा ठरावीक तुकडा) जुळला तरी डेटाबेसमधल्या त्या नोंदीमागे जपून ठेवलेला नमुना आहे का ते पाहा. नसेल तर तिथले नाव पडताळायला मार्गच नसतो.