केक रविवारी, तयारी शुक्रवारपासून

रविवारी वाढदिवस असेल तर सामान शुक्रवारीच घरात हवं. सात इंची टिन, बटर पेपर आणि केकखालचा पुठ्ठा क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास मिळतो. मैदा, साखर, तेल कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. घरातला सोडा कधीचा आहे आठवत नसेल, तर चिमूटभर घेऊन त्यावर लिंबू पिळा. फसफसला नाही तर नवा आणा. कोको कुठलाही चालेल, फक्त ड्रिंकिंग चॉकलेट नको, त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते.

केक शनिवारी सकाळी भाजायचा. सव्वा कप मैदा आणि पाव कप कोको दोनदा चाळून ठेवा. एक कप ताजं दही तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, हे दोन्ही छोट्या चमच्याने, सगळं मोजून समोर हवं. टिनला कागद लागलाय, ओव्हन १८० अंशांवर तापलाय, एवढं झाल्यावरच दही-साखर फेटून त्यात पावडर आणि सोडा घाला. एकदा बुडबुडे यायला लागले की टिन शोधायला वेळ नसतो. पुढे तेल, मग मैदा, आणि साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं.

आता फ्रॉस्टिंग. गेल्या मे महिन्यात दादरहून परळला टॅक्सीने नेताना माझी बटरक्रीमची फुलं पुठ्ठ्यावर उतरली होती. तेव्हापासून गनाशच, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट. पुस्तकात चॉकलेट आणि क्रीम समसमान लिहिलेलं असतं, ते आपल्या हवेत ओघळतं. २०० ग्रॅम चॉकलेटला १०० ग्रॅम क्रीम घ्या. डेअरीचं पाकिटातलं २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम चालतं. ते फेटून फुगत नाही, पण इथे फुगवायचंय कुणाला? सुरी आणि पाट कोरडे ठणठणीत असू द्या. क्रीमच्या कडेला बुडबुडे आले की गॅस बंद करून चिरलेल्या चॉकलेटवर ओता. केक पूर्ण गार झाल्याशिवाय लावू नका, मुलं कितीही मागे लागली तरी.

फ्रिजमधला एक कप्पा शनिवारी दुपारीच रिकामा करा आणि सुकटीचा डबा शेजारणीकडे पाठवा, चॉकलेट वास लगेच धरतं. केक झाकणाच्या डब्यात ठेवा. रविवारी बाहेर काढल्यावर अर्धा तास झाकण उघडू नका, नाहीतर दमट हवेने गनाशला घाम फुटतो.

मेणबत्त्या, काडेपेटी, सुरी. आणि पंख्याच्या बटणापाशी कोण उभं राहणार, तेही आधीच ठरवा.