चालू धंदा विकत घ्यायचाय? आधी दुसऱ्याचा सांभाळा

चालू धंदा विकत घेऊन चालवायचं मनात असलेली मंडळी हटकून विचारतात, 'मॅनेजरकीचा अनुभव किती वर्षांचा हवा?' वर्षं मोजत बसू नका, जागा बघा. मी आधी एका मोठ्या कंपनीत होतो, मग जेमतेम पंचवीस माणसांच्या कारखान्यात. आज स्वतःचा धंदा चालवताना कामी येतं ते जवळजवळ सगळं त्या कारखान्यातलं.

मोठ्या कंपनीत हाताखाली माणसं जास्त होती. पण माणूस घ्यायचा तर एचआर, वसुली करायची तर अकाउंट्स. पगाराचे पैसे येतात कुठून, हा प्रश्नच पडत नसे. कारखान्यात मालकाच्या खालोखाल मीच. महिनाअखेर आली की खात्यात किती शिल्लक आहे, कोणाचा चेक कधी वटणार, कच्च्या मालवाल्याला आठवडाभर थोपवता येईल का, हेच डोक्यात.

याचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. कच्चा माल आल्यापासून तयार माल विकला जाईपर्यंत 20 दिवस, गिऱ्हाईक पैसे देणार त्यानंतर 60 दिवसांनी, पुरवठादाराला मात्र 30 दिवसांत द्यायचे. म्हणजे 50 दिवस तुमचा पैसा अडकलेला. मोठी ऑर्डर आली की अडकणारी रक्कमही वाढते. वहीत नफा, खात्यात खडखडाट. वसुलीचे फोन माझ्याकडे आले तेव्हा आणखी एक कळलं: कित्येकदा गिऱ्हाईक बुडवं नसतंच, बिलावर पर्चेस ऑर्डरचा नंबर नसतो म्हणून ते त्यांच्या अकाउंट्समध्ये पडून राहिलेलं असतं.

माणसांचंही तसंच. मशीनची सगळी सेटिंग्ज एकट्या फोरमनच्या डोक्यात; तो रजेवर गेला की माल नापास व्हायला लागायचा. त्याला न दुखावता ती लिहून काढायला लावणं आणि दुसरा माणूस तयार करणं, हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. पुढे धंदे बघायला जायचो तेव्हा कोण रजेवर गेलं की काम अडतं, हे आधी विचारायचो. उत्तर 'मालक' असेल तर नफ्याचा आकडा नीट तपासा. मालक स्वतः राबतो आणि पगार घेत नाही, तेव्हा त्याच्या जागी ठेवाव्या लागणाऱ्या माणसाचा पगार वजा केल्यावर उरतो तो खरा नफा.

अमेरिकेत 1984 पासून 'सर्च फंड' म्हणून एक पद्धत आहे. बहुधा नुकतेच एमबीए झालेले तरुण गुंतवणूकदारांच्या पैशावर एखादी कंपनी शोधून विकत घेतात आणि चालवतात. त्यांचं उदाहरण देऊन 'अनुभव कशाला?' म्हणणारे भेटतात. त्या तरुणांच्या पाठीशी अनुभवी गुंतवणूकदार आणि संचालक असतात. स्वतःच्या नावावर कर्ज काढून धंदा घेणाऱ्याला रात्री फोन करायला कोण असतं?

तेव्हा नोकरी शोधताना हुद्द्याच्या मागे लागू नका. भाव ठरवणं, माणूस घेणं-काढणं आणि वसुली, यांतलं किमान एक काम पूर्णपणे माझ्याकडे असेल का, महिन्याचा नफा-तोटा बघायला मिळेल का, हे मुलाखतीतच विचारा. क्षेत्र वेगळं असलं तरी चालेल. तेच असेल तर नेमणूकपत्रातलं स्पर्धा न करण्याचं कलम सही करण्याआधी वाचा. पुढे धंदा घेताना वकील ते बघायला मागेलच.