डीएनएच्या क्रमाचे मूळ हाताने कसे शोधावे

डीएनएची प्रत बनताना एखादा तुकडा कधीकधी दोनदा उतरतो आणि दुसरी प्रत पहिलीला खेटूनच बसते. याला टँडम डुप्लिकेशन म्हणतात. हंटिंग्टनच्या आजारात चौथ्या गुणसूत्रावरील एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा असाच पुन्हा पुन्हा येतो. सुदृढ माणसातही त्याच्या अनेक प्रती असतात, मात्र त्या सलग ३६ वा अधिक झाल्या की आजाराचा धोका सुरू होतो.

गणिती प्रारूपात क्रमातला कोणताही सलग तुकडा निवडून त्याची प्रत त्याच्या लगेच पुढे ठेवतात. मागे जाताना शेजारी आलेले दोन समान तुकडे शोधून त्यांतला एक खोडावा. अशी जोडी उरली नाही की हाती राहते ते मूळ. अ‍ॅडेनिन, सायटोसिन, ग्वानिन आणि थायमिन या डीएनएच्या चार अक्षरांना येथे अ, स, ग, थ म्हणू.

खोडायला लागण्यापूर्वी तुकड्याची कमाल लांबी ठरवावी, आणि ही पायरी कधीही गाळू नये. असगसअसगसग हा क्रम कागदावर घेऊन पाहावा. सुरुवातीची ‘असगस’ची जोडी खोडली तर असगसग उरते आणि पुढे ‘सग’ची जोडी खोडून आपण असग या मुळाशी पोहोचतो. पण आधी शेवटची ‘सग’ची जोडी खोडली, तर असगसअसग उरते आणि त्यात एकही जोडी सापडत नाही. एकाच क्रमाची दोन मुळे निघाली, कारण आपण चार अक्षरांचा तुकडा चालवून घेतला. लांबी तीनपर्यंतच ठेवली, तर कोणत्याही वाटेने गेले तरी मूळ एकच येते, हे सिद्ध झालेले आहे.

सर्व तुकडे नेमके तीन अक्षरांचे असतील, तर डोळ्यांनी शोधण्यापेक्षा वजाबाकी करणे मला अधिक भरवशाचे वाटते. अ, स, ग, थ यांना ०, १, २, ३ द्यावेत, पहिले तीन अंक तसेच ठेवावेत आणि चौथ्यापासून प्रत्येक अंकातून तीन जागा आधीचा अंक वजा करावा; उत्तर ऋण आले तर ४ मिळवावेत. थअसअसगअसग म्हणजे ३०१०१२०१२. वजाबाकीनंतर ३०१, १११, ००० असे मिळते. सलग तीन शून्ये ही एका पुनरावृत्तीची खूण आहे. ती काढून उलट बेरीज केली (उत्तर ४ वा अधिक आले तर ४ वजा करून) की ३०१०१२, म्हणजेच थअसअसग, परत मिळते.